फॉरमॅट मारण्याआधी



कर्जतच्या या व्याख्यानमालेचं निमंत्रण आलं तेव्हा मी कार्यवाहांना म्हटलं, "तुमच्या मालेत आजवर ज्ञानेश्वरी झाली, शेती झाली, मधुमेह झाला. घरच्या संगणकाच्या दुरुस्तीवर ऐकायला कोण येणार?" ते म्हणाले, "ज्यांच्या घरचा बंद पडलाय ते सगळे येतील." समोर पाहतो तर सभागृह भरलेलं आहे. म्हणजे तालुक्यातल्या संगणकांची अवस्था काय आहे, ते वेगळं सांगायला नको.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते, ते गणित शिकवत. उत्तर बरोबर आलं तरी रीत लिहिलेली नसेल तर ते पूर्ण गुण देत नसत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. मला आज रीतीबद्दलच बोलायचं आहे.

आपल्याकडे संगणक बिघडला की काय होतं? तो हळू चालतो, मध्येच अडकतो, निळा पडदा दाखवतो. दोन दिवस आपण तो बंद-चालू करून पाहतो. मग शेजारचा मुलगा येतो किंवा स्टेशनजवळच्या दुकानात पेटी नेली जाते. तिथे ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "काका, फॉरमॅट मारावा लागेल." आपण मान डोलावतो. फॉरमॅट मारला जातो. मुलीच्या लग्नाचे फोटो, सातबाराचे स्कॅन, बायकोने चार वर्षं लिहिलेला भिशीचा हिशेब, सगळं जातं. संगणक चालू होतो. आणि तीन महिन्यांनी पुन्हा तेच. आता मला सांगा, बिघाड काय होता? कुणाला माहीत आहे? दुकानदाराला माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही. पैसे दिले, उत्तर मिळालं, रीत कुणीच पाहिली नाही.

दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे जी वस्तू येते तिचं झाकण बंद असतं. प्रोग्राम लिहिणारा तो माणसाला वाचता येईल अशा रूपात लिहितो. त्याला सोर्स कोड म्हणतात. मग त्याचं यंत्राला समजेल असं रूपांतर होतं. बहुतेक कंपन्या आपल्याला ते दुसरं रूप तेवढं देतात, पहिलं कुलुपात ठेवतात. (आपल्याकडच्या कित्येक घरांत ते दुसरं रूपही विकत घेतलेलं नसतं, पण हे मी पोलीस पाटलांसमोर फार ताणत नाही.) ओपन सोर्स म्हणजे दोन्ही रूपं देणं, आणि सोबत परवानगी देणं: वापरा, उघडून पाहा, बदला, दुसऱ्याला द्या. लिनक्स तसं आहे, लिब्रेऑफिस तसं आहे, फायरफॉक्स, व्हीएलसी तसंच. तुमच्यापैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइडचा फोन आहे, त्यांच्या खिशात लिनक्सचा गाभा आहेच. फक्त ओळख झालेली नाही.

ही चळवळ सुरू कशी झाली? एका अडकलेल्या प्रिंटरमुळे. 1980 च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करत होता. जुन्या प्रिंटरचा कोड त्यांच्या हाती होता, म्हणून त्यांनी त्यात भर घातली होती: कागद अडकला की ज्यांची कामं रांगेत आहेत त्यांना निरोप जाई. पुढे झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. तोही अडके, पण त्याचा कोड दिलेला नव्हता. एका दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसाकडे तो होता. स्टॉलमनने मागितला, तर तो म्हणाला, मी न देण्याचा करार केला आहे. स्टॉलमन चिडला. 27 सप्टेंबर 1983 रोजी त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला, ज्याचा कोड सर्वांना खुला असेल असा. 1991 च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या लायनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या छंदाची बातमी जगाला दिली, तो छंद म्हणजे लिनक्स. पुढचा इतिहास मोठा आहे, पण मला तुम्हाला हेलसिंकीला न्यायचं नाही. रायगडातल्याच एका डोंगरावर न्यायचं आहे.

खैराट-धनगरवाडा. इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी हे नाव ऐकलं आहे? दोन हात दिसतात. एके काळी हे नाव जगभरच्या संगणकवाल्यांच्या तोंडी होतं.

अमेरिकेतले संगणकतज्ज्ञ निकोलस निग्रोपॉन्टी यांनी 2005 साली दावोसला घोषणा केली की जगातल्या प्रत्येक गरीब मुलाला शंभर डॉलरचा लॅपटॉप द्यायचा. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' असं त्या योजनेचं नाव. आपल्या केंद्र सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने 2006 साली ही कल्पना नाकारली. शिक्षणाच्या दृष्टीने तिचा उपयोग होईल याबद्दल त्यांना शंका होती, आणि शाळेत आधी शिक्षक आणि वर्ग हवेत असं त्यांचं म्हणणं होतं. ते म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं आजही मला वाटत नाही. तरीही 2007 च्या शरदात भारतातला पहिला प्रयोग झाला, आणि तो बंगळुरूत किंवा दिल्लीत झाला नाही. तो आपल्या जिल्ह्यातल्या या वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी शाळेत झाला. वीस-बावीस मुलं, चार इयत्ता, एक खोली, एक गुरुजी. त्या मुलांच्या हातात या योजनेचे हिरव्या-पांढऱ्या रंगाचे एक्सओ लॅपटॉप आले.

ते यंत्र कसं होतं, हे जरा सविस्तर सांगू द्या, कारण तसं यंत्र पुन्हा फारसं कुणी केलं नाही. पडदा साडेसात इंचांचा, पण भर उन्हात वाचता येणारा. तो मेरी लू जेप्सन या बाईंनी रचला होता. आत पंखा नाही, फिरणारी हार्ड डिस्क नाही, म्हणजे धूळ आणि धक्का यांचं भय कमी. साठवण एक जीबी, मेमरी 256 एमबी. आज तुमच्या फोनमधलं एखादं मोठं अॅपसुद्धा एवढ्यात मावणार नाही. जवळजवळ ठेवलेले लॅपटॉप इंटरनेट नसतानाही एकमेकांशी थेट बोलू शकत. आत फेडोरा लिनक्स, त्यावर 'शुगर' नावाचं मुलांसाठी केलेलं आवरण. किंमत शंभर डॉलर ठरली होती, ती प्रत्यक्षात 188 वर गेली. सरकारी बांधकामाचा अंदाज आपल्याकडेच चुकतो असं समजू नका.

पण मला मोह पडतो तो आणखी दोन गोष्टींचा. पहिली: त्या कळफलकावर अशी सोय होती की कळा दाबताच समोर चालू असलेल्या प्रोग्रामचा कोड उघडे. चित्र काढताना दुसरीतल्या पोरीला वाटलं, हे रेष कशी काढतं? तर दाबायचं, आणि आतली लिखावट समोर. तिला ती समजेलच असं नाही. पण ती तिथे आहे, माणसाने लिहिलेली आहे, आणि आपल्याला पाहायला बंदी नाही, एवढं सातव्या वर्षी कळणं ही लहान गोष्ट आहे का? दुसरी: लॅपटॉपच्या मुठीत जादा स्क्रू ठेवलेले होते. खोलताना स्क्रू हरवणार हे गृहीत धरलं होतं. 'उघडल्यास वॉरंटी रद्द' असं स्टिकर लावणारी कंपनी तुम्ही पाहिली आहे; उघडाल तेव्हा लागतील म्हणून स्क्रू देणारी पाहिली आहे का?

मग झालं काय? वृत्तसंस्थांचे लोक डोंगर चढून आले, फोटो निघाले. मुलं टाइप करायला लागली, फोटो काढायला लागली, हजेरी सुधारल्याचं सांगितलं गेलं. पण खैराटचं लोण जिल्हाभर गेलं नाही. जगातही योजना मंदावली. पेरूने लाखोंनी लॅपटॉप घेतले. तिथल्या तीनशेहून अधिक शाळांचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला, आणि गणितात किंवा भाषेत मुलांचे गुण वाढलेले दिसले नाहीत. टीकाकारांना हुरूप आला.

मला यातून वेगळंच दिसतं. कोड उघडायची कळ होती, स्क्रू होते, परवानगी होती. नव्हता तो माणूस. चार्जर गेला, पडद्यावर इंग्रजी ओळ येऊन थांबली, तर डोंगराखाली उतरून कुणाला विचारायचं? चार इयत्ता सांभाळणाऱ्या एकट्या गुरुजींनी? यंत्र दिलं की शिक्षण आपोआप होतं, या भ्रमाची किंमत मोठ्या मोठ्या संस्थांनी मोजली आहे. आपण आपल्या घरातही तेच करतो. नातवाला लॅपटॉप घेऊन देतो, आणि तो अडला की म्हणतो, फॉरमॅट मारून आण.

तर रीत. एक उदाहरण घेतो, अगदी हळूहळू.

समजा तुमच्या संगणकावर विंडोज आहे आणि शेजारी लिनक्सही घातलं आहे. सुरू करताना दोहोंतलं एक निवडता येतं. आठवडाभर सगळं छान. मग एक दिवस लिनक्स वापरून झाल्यावर विंडोज उघडता, तर घड्याळ चुकलेलं. रात्रीचे नऊ वाजले आहेत आणि संगणक म्हणतो दुपारचे साडेतीन. तुम्ही घड्याळ लावता. पुन्हा लिनक्समध्ये जाऊन येता, पुन्हा चुकलेलं. दुकानात गेलात तर सेल बदलून देतील. मदरबोर्डवर पाच रुपयांच्या नाण्याएवढा सेल असतो, तो संपला की घड्याळ खरंच मागे जातं, त्यामुळे सांगणारा काही मूर्ख नाही. पण सेल संपलेलं घड्याळ कसं चुकतं? ते कित्येक वर्षं मागे जातं, किंवा कसंही भरकटतं. इथे मात्र फरक दर वेळी तेवढाच आहे. नऊ आणि साडेतीन. साडेपाच तास. मिनिटाचाही फरक नाही.

आता थांबा आणि स्वतःला विचारा: साडेपाच तास हा आकडा आपण कुठे पाहिला आहे? शाळेच्या भूगोलात. ग्रिनिचची वेळ आणि भारताची वेळ यांत बरोबर साडेपाच तासांचं अंतर आहे. एवढं आठवलं की निम्मं काम झालं. लिनक्स आतल्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं आणि दाखवताना साडेपाच मिळवतं. विंडोज त्याच घड्याळाकडे पाहून समजतं की ही स्थानिक वेळ आहे. दोघेही आपापल्या जागी बरोबर. बिघाड कुठेच नाही, समजुतीत फरक आहे. उपाय एका ओळीचा: लिनक्सला सांगायचं की बाबा, तूही स्थानिक वेळच ठेव. सेल जुनाच राहिला, फोटो शाबूत राहिले.

यात मी काय केलं? नवीन काही शिकलो नाही. सातवीचा भूगोल वापरला. चूक किती आहे ते मोजलं. ती प्रत्येक वेळी सारखी आहे का ते पाहिलं. काय केल्यावर होते ते टिपलं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलली. दुरुस्तीच्या नावाखाली लोक काय करतात? पाच जणांनी सांगितलेले पाच उपाय एकदम करतात. संगणक सुधारला तरी कशामुळे ते कळत नाही, बिघडला तरी कळत नाही.

दुसरी गोष्ट वाचण्याची. पडद्यावर संदेश येतो आणि आपण तो न वाचता बंद करतो. नोकरीच्या मुलाखतीचं पत्र आपण असं फेकलं असतं का? लिनक्स फार बोलकं आहे. 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' म्हणतं, म्हणजे जागा संपली. लग्नाचा व्हिडिओ तीन ठिकाणी साठवला आहे तो शोधा. 'परमिशन डिनाइड' म्हणतं, म्हणजे ही फाइल तुमची नाही, किंवा तुम्ही चुकीच्या नावाने आत आला आहात. आपल्या कर्जतमध्ये पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते मी तुम्हाला सांगायला नको. काम चालू असताना वीज गेली की पुढच्या वेळी सुरू होताना संगणक डिस्क तपासत बसतो आणि तसं लिहूनही दाखवतो. माणसं घाबरून पुन्हा बटण दाबतात. अहो, तो पसारा आवरतोय. त्याला आवरू द्या.

इथे एक मत मांडतो, ते काही मराठीप्रेमींना रुचणार नाही. लिनक्स, लिब्रेऑफिस, फायरफॉक्स ही सगळी मराठीत मिळतात. ज्यांनी हजारो ओळी, बहुतेकांनी विनामोबदला, मराठीत आणल्या त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्या आधी अक्षरांचीही लढाई होती. श्रीलिपी, आयएसएम या मराठी टाइप करण्याच्या जुन्या प्रोग्रामांच्या काळात मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फॉन्ट नसेल तर आपली कविता दुसऱ्याच्या संगणकावर कचरा होऊन उमटे. जुन्या कागदपत्रांत ते अजून भोगतो आहोत. इंडलिनक्सच्या मंडळींनी 2000 च्या सुमारास भारतीय भाषांसाठी काम उभं केलं. पुढे पुण्यात तयार झालेले लोहित फॉन्ट रेड हॅट या लिनक्सच्या कंपनीने मुक्त परवान्याखाली सर्वांना दिले. 'अॅप'मधला ॲ हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोड या अक्षरांच्या जागतिक प्रमाणात यायला 2008 उजाडलं. हे सगळं खरं. तरीही मी म्हणतो, संगणक मराठीत वापरा, पण बिघाडाचा संदेश इंग्रजीत घ्या. का? कारण ती इंग्रजी ओळ जशीच्या तशी शोधली तर ब्राझीलपासून पोलंडपर्यंत कुणाला तीच अडचण आली होती ते सापडतं. मराठी ओळ शोधली तर आज तरी फारसं काही सापडत नाही. ओळ इंग्रजी असू द्या. तिचा अर्थ, तिची चर्चा, तिचं उत्तर मात्र मराठीत व्हायला हवं, आणि तिथेच आपण फार मागे आहोत.

तिसरी गोष्ट विचारण्याची. 'चालत नाही' हा प्रश्न नव्हे, ती तक्रार आहे. काय करत होतात, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, पडद्यावर नेमकं काय लिहिलं होतं, हे चार ओळींत लिहून पाहा. कितीदा तरी प्रश्न नीट लिहिता लिहिता उत्तर हाताला लागतं, आणि पाठवायची वेळच येत नाही.

मराठीत शिकायचं तर एक चांगली सोय पवईत आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्प उभा राहिला. लिनक्स, लिब्रेऑफिस, गिंप अशा गोष्टींचे दहा-दहा मिनिटांचे धडे, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. पडद्याच्या अर्ध्या भागात धडा आणि अर्ध्या भागात आपला हात, अशी त्यांची पद्धत. धडा ध्वनिमुद्रित होण्याआधी त्याची संहिता एखाद्या नवख्याकडून तपासून घेतात. तज्ज्ञाला सोपं वाटतं ते नवख्याला अडतं, हे ओळखून केलेली ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते. आपली पाठ्यपुस्तकं अशी तपासली असती तर! असो.

पण धडा एकटा पुरत नाही. आपल्या कर्जत स्टेशनावर पुण्याची गाडी थांबते ती काही वडापावसाठी थांबत नाही, जरी प्रवाशांचा समज तसा असला तरी. घाट चढायला मागून बँकर इंजिनं लागतात म्हणून थांबते. वर पोचलं की ती इंजिनं सुटतात, आणि गाडी आपल्या जोरावर पुढे जाते. नवख्याला लिनक्स शिकवणाऱ्या माणसाने असंच वागावं. मागून रेटा द्यावा, त्याच्या हातातला माउस ओढून घेऊ नये, आणि वेळेवर सुटावं. आमच्यातल्या जाणकारांना नेमकं हेच जमत नाही. ते खुर्चीत स्वतः बसतात, दोन मिनिटांत खटाखट काहीतरी टाइप करतात, "झालं काका" म्हणून निघून जातात. हाही फॉरमॅटच, फक्त उंची प्रकारचा.

आता रोखठोक बोलू. सगळ्यांनी उद्या लिनक्स घालावं का? मुळीच नाही. तुमच्या दुकानाचा हिशेब टॅलीवर असेल तर जिथे आहात तिथेच राहा. डिजिटल सह्यांच्या डोंगलवर ज्यांची कामं चालतात त्यांनाही मी सांगेन, काम चालणारा एक संगणक तसाच ठेवा. काही कंपन्यांचे प्रिंटर लिनक्सवर लगेच चालतात, काही जीव खातात. घेण्याआधी चौकशी करा. पण 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार थांबवला, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि साधारण 2018 नंतरचे प्रोसेसर लागतात. म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वी हप्त्याने घेतलेले कितीतरी चांगले संगणक नियमाने म्हातारे ठरले. दहिवलीत, खोपोलीत, मोहोपाड्यात असे संगणक क्रोशाच्या झाकणाखाली पडून आहेत. लिनक्स घालून त्यांना आणखी चार-पाच वर्षं कामाला लावता येतं.

आणि लिनक्स करून पाहण्याआधी डिस्क पुसायची गरज नाही, हे लोकांना ठाऊकच नसतं. पेनड्राइव्हवर लिनक्स उतरवा, त्यावरून संगणक सुरू करा, आतल्या डिस्कला हात न लावता फिरवून पाहा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, मराठी टाइप होतं का. नाही पटलं, पेनड्राइव्ह काढा; विंडोज जिथल्या तिथे. पूर्वी उबुंटू या लिनक्सचे लोक अशा सीडी पोस्टाने फुकट पाठवत, 2011 पर्यंत. विदेशी तिकिटाचा लिफाफा पाहून पोस्टमन कुतूहलाने विचारी. आता सीडीही गेली आणि तो लिफाफाही.

विंडोज सुरूच होत नसेल, तर त्याच पेनड्राइव्हवरून संगणक उघडून आतले फोटो बाहेर काढता येतात, हे दुकानात जाण्याआधी लक्षात ठेवा. डिस्क स्वतःच मेली नसेल तर बहुतेक वेळा लग्नाचे फोटो तिथेच असतात.

कार्यवाहांकडे मी एक मागणी केली आहे, आणि ते नाही म्हणण्याआधी सभेतच जाहीर करून टाकतो. वाचनालयात दोनशे पानांची एक वही ठेवायची. बिघाड काय, संदेशाची ओळ जशीच्या तशी, काय काय करून पाहिलं, कशाने सुटलं, आणि न सुटल्यास तसं. मराठीत. नाव लिहिण्याची सक्ती नाही, तारीख आणि संगणकाचं मॉडेल मात्र हवं. साडेपाच तासांची हकिकत पहिल्या पानावर मी लिहीन. दुसरं पान पुढच्या रांगेतल्या काकूंनी घ्यावं. मघाशी चहाच्या वेळी त्या सांगत होत्या की त्यांच्या लॅपटॉपवर फक्त पाऊस असला की वायफाय जातं. पाऊस असला की, की वीज जाऊन आल्यावर? तेवढं या आठवड्यात पाहून लिहा, पुढचं आपण रविवारी बघू.